उधारीची आठवण तिसाव्या दिवशीच जावी: इव्हेंट लूपमध्ये भरवशाचे टायमर कसे लावायचे

सोलापुरातल्या एखाद्या टॉवेल कारखान्याचे बिलिंग सॉफ्टवेअर डोळ्यांसमोर आणा. बिल झाले, उधारी ३० दिवसांची. तिसाव्या दिवशी सकाळी १० वाजता व्यापाऱ्याच्या फोनवर आठवणीचा संदेश जायला हवा. नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीत) काम करणाऱ्याचा हात आधी सेटटाइमआउटकडे, म्हणजे दिलेल्या मुदतीनंतर कोड चालवणाऱ्या फंक्शनकडे, जातो. ३० दिवसांचे मिलिसेकंद काढले, मुदत म्हणून दिले, काम संपले असे वाटते. प्रत्यक्षात बिल सेव्ह होताक्षणी व्यापाऱ्याला थकबाकीचा संदेश जातो, आणि माल अजून टेम्पोतही चढलेला नसतो.

नोडचा टायमर जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मिलिसेकंदांची मुदत पेलतो. ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात मावणारी ही सर्वांत मोठी संख्या. दिवसांत मोजली तर २४ दिवस, २० तास, ३१ मिनिटे आणि साधारण २४ सेकंद. ३० दिवसांचे मिलिसेकंद होतात २,५९,२०,००,०००. मुदत मर्यादेबाहेर गेली की नोड ती १ मिलिसेकंद धरतो आणि एक वॉर्निंग छापतो. लॉग कुणी पाहत नसेल, तर चूक कळते ती व्यापाऱ्याचा फोन आल्यावर.

यावर बरेच जण २४-२४ दिवसांच्या टायमरची साखळी लावतात. आकड्याचा प्रश्न त्याने सुटतो, पण टायमर राहतो प्रोसेसच्या मेमरीतच. नवी आवृत्ती चढवली, सर्व्हर रीस्टार्ट झाला, वीज गेली, की सगळे टायमर पुसले जातात आणि कुठे एररही दिसत नाही. दुकानातला दिवाणजी वसुलीची तारीख डोक्यात ठेवत नाही, वहीत टिपतो आणि रोज सकाळी वही उघडून पाहतो. सॉफ्टवेअरमध्येही हीच पद्धत लावायची. कोणते काम कधी करायचे हे डेटाबेसात लिहायचे. टायमरने फक्त "वही उघड" एवढी हाक द्यायची. टायमर चुकला, उशिरा वाजला, दोनदा वाजला, तरी वही खरी राहते.

टायमर उशिरा का वाजतो

इव्हेंट लूप म्हणजे आलेली कामे एकामागून एक चालवणारे चक्र. त्यात एका वेळी एकच कॉलबॅक (वेळ आली की चालवायचे फंक्शन) चालतो. सेटटाइमआउटला दिलेली मुदत म्हणजे "याआधी नको" एवढेच; "याच क्षणी" असे आश्वासन कुणी दिलेले नसते. १० वाजताचा टायमर लावला आहे आणि ९:५९:५९ ला कुणी वर्षभराच्या बिलांचा अहवाल काढायला घेतला, ज्याची जुळवणी सलग ३ सेकंद सीपीयू खाते. मग त्या काळातला प्रत्येक टायमर १०:००:०२ पर्यंत थांबतो.

इथे एक समज हमखास नडतो. अहवालाच्या लूपमध्ये मधे मधे अवेट (निकालाची वाट पाहा, अशी सूचना) टाकले की इतरांना वाट मिळेल, असे धरले जाते. आधीच पूर्ण झालेल्या प्रॉमिसवर अवेट केले, तर पुढचा भाग मायक्रोटास्कच्या (टायमरच्या आधी उरकायच्या छोट्या कामांच्या) रांगेत जातो, आणि ती रांग पूर्ण रिकामी होईपर्यंत टायमरची पाळीच येत नाही. खरी वाट द्यायची असेल तर दर ५०० ओळींनंतर सेटइमिजिएटने पुढचा टप्पा लावा. पायथनच्या असिंकआयओ या इव्हेंट लूप लायब्ररीत त्याच जागी शून्य सेकंदांचा असिंकआयओ स्लीप अवेट करतात. एक तुकडासुद्धा ५० मिलिसेकंदांच्या वर जात असेल, तर ते काम वर्कर थ्रेडमध्ये हलवा. पायथनमध्ये साधा टाइम स्लीप असिंक फंक्शनात राहून गेला, तर अख्खा लूप तेवढा वेळ झोपतो.

दुसरी अडचण सहसा नजरेत येत नाही. टायमर वेळेवर वाजला, तरी संदेश पाठवायला आधी डीएनएस लुकअप (सेवेच्या नावावरून तिचा पत्ता शोधणे) लागतो, आणि नोडचा नेहमीचा लुकअप लिबयूव्हीच्या, म्हणजे नोडचा इव्हेंट लूप चालवणाऱ्या लायब्ररीच्या, थ्रेड पूलमधून जातो. त्या पूलमध्ये मुळात ४ थ्रेड असतात. फाइल वाचणे आणि पासवर्ड हॅश करणे तिथेच चालते. सकाळी सगळे कर्मचारी एकदम लॉगिन करत असतील, तर संदेश हॅशिंगच्या मागे अडकतो आणि दोष टायमरवर येतो.

टायमर किती आहेत याची मात्र चिंता नको. लिबयूव्ही टायमर मिन-हीपमध्ये (सर्वांत जवळची वेळ वर ठेवणाऱ्या रचनेत) ठेवते, असिंकआयओही हीपच वापरते. हजारो टायमर त्यात आरामात बसतात. असिंकआयओमध्ये रद्द केलेला टायमर हीपमधून लगेच निघत नाही. हीपमधल्या एकूण टायमरची संख्या १०० च्या वर गेली आणि त्यांतले निम्म्याहून जास्त रद्द झालेले असले, की एकदम सफाई होते. प्रत्येक विनंतीला टायमर लावून रद्द करणाऱ्या सर्व्हरची मेमरी थोडी वर-खाली होताना दिसते, तिचे एक कारण हे असते.

वही: एक तक्ता

तक्त्यात हे रकाने पुरतात: कामाचा क्रमांक, कामाचा प्रकार, संदर्भ (बिल क्रमांक), देय वेळ, स्थिती, ताब्याची मुदत (काम उचलणाऱ्या प्रोसेसने ते कधीपर्यंत धरायचे), प्रयत्नांची संख्या, शेवटची चूक, आणि एक एकमेव किल्ली. देय वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवा. स्थिती आणि देय वेळ या जोडीवर इंडेक्स हवाच, नाहीतर वर्षभरात झालेल्या कामांचा ढीग साचून प्रत्येक चाळणी जड होते. किल्लीवर युनिक बंधन घाला आणि ती अर्थपूर्ण बनवा: बिल क्रमांक, आठवणीचा प्रकार आणि देय तारीख एकत्र जोडून. बिल दोनदा सेव्ह झाले, तरी दुसरी ओळ पडत नाही.

बिल आणि आठवणीची ओळ एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा, म्हणजे दोन्ही लिहिली जातात किंवा एकही नाही. बिल लिहून मग वेगळ्या कॉलने आठवण टाकली, तर त्या दोहोंच्या फटीत प्रोसेस मेली की बिल राहते आणि आठवण जाते. वर्षाला अशी चार बिले निसटतात आणि ती नेमकी कोणती हे कधीच कळत नाही, म्हणून हा मुद्दा सोडू नका.

हाक: एकच टायमर

शंभर कामांना शंभर टायमर नकोत. संपूर्ण प्रोसेसमध्ये एकच टायमर ठेवा. त्याचे चक्र असे:

१. बाकी कामांपैकी सर्वांत जवळची देय वेळ डेटाबेसातून काढा.
२. तिच्यातून आत्ताची वेळ वजा करा. उत्तर शून्याखाली गेले तर शून्य धरा, ३० सेकंदांच्या वर गेले तर ३० सेकंद धरा. तेवढ्याचा टायमर लावा.
३. टायमर वाजला की देय वेळ उलटलेली जास्तीत जास्त २० कामे ताब्यात घ्या: स्थिती "चालू", ताब्याची मुदत आत्तापासून २ मिनिटे.
४. कामे करा, प्रत्येकाचा निकाल लिहा, पुन्हा पहिल्या पायरीवर या.

नवीन काम टाकताना त्याची वेळ सध्याच्या टायमरच्या आधीची असेल, तर टायमर रद्द करून पुन्हा लावा. चौथ्या पायरीवरून परत येणे फायनली ब्लॉकमध्ये (एरर आला तरी चालणाऱ्या भागात) ठेवा. एका कामाने एरर फेकला आणि पुढचा टायमर लागलाच नाही, की प्रोसेस जिवंत दिसते पण वही कुणी उघडत नाही. अशी बंद पडलेली चक्रे लोकांना दिवसेंदिवस लक्षात येत नाहीत.

३० सेकंदांची मर्यादा तीन कारणांसाठी. दुसऱ्या प्रोसेसने टाकलेले काम या प्रोसेसला टायमरवरून कळणार नसते. सर्व्हरचे घड्याळ मधेच दुरुस्त झालेले असू शकते. आणि मशीन झोपून उठलेले असू शकते: लिनक्सवर टायमर ज्यावर चालतात ते मोनोटॉनिक घड्याळ सस्पेंडमध्ये पुढे सरकत नाही, त्यामुळे ऑफिसच्या लॅपटॉपचे झाकण तासभर बंद राहिले, तर ४० मिनिटांचा टायमर झाकण उघडल्यावर उरलेली मिनिटे नव्याने मोजत बसतो. दर ३० सेकंदांनी एक इंडेक्स असलेली क्वेरी पोस्टग्रेस असो की एसक्यूलाइट, कुणालाही जड नाही.

ताबा

एकाहून जास्त प्रोसेस चालत असतील तर तिसरी पायरी जपून लिहा. आधी निवडायचे आणि मग अपडेट करायचे, असे दोन सुटे टप्पे ठेवले की दोन प्रोसेस एकच ओळ उचलतात. पोस्टग्रेसमध्ये ९.५ पासून "फॉर अपडेट स्किप लॉक्ड" आहे, मायएसक्यूएलमध्ये ८.० पासून. दुसऱ्याने धरलेल्या ओळी त्यात वगळल्या जातात, वाट पाहावी लागत नाही. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच लिहिणारा असतो, तिथे ट्रान्झॅक्शन "बिगिन इमिजिएट"ने सुरू केले की पुरते. ताबा घेऊन ट्रान्झॅक्शन लगेच बंद करा. संदेश सेवेचे उत्तर येईपर्यंत लॉक धरून बसणे म्हणजे डेटाबेसचे कनेक्शन परक्याच्या नेटवर्कवर टांगणे.

ताब्याची मुदत कामाच्या स्वतःच्या टाइमआउटपेक्षा बरीच मोठी हवी. संदेशाच्या कॉलला ३० सेकंदांचा टाइमआउट, तर ताबा २ मिनिटांचा. २० कामे एकामागून एक करत असाल, तर हा हिशेब २० ने गुणून पाहा, किंवा प्रत्येक काम सुरू करताना ताबा वाढवा. मुदत उलटूनही "चालू" असलेली ओळ म्हणजे कुणीतरी काम अर्धवट टाकून मेले आहे. ती परत "बाकी" धरायची.

यातून एक गोष्ट पत्करावी लागते. संदेश गेला आणि "झाले" लिहिण्याआधी वीज गेली, तर तो संदेश पुन्हा जाईल. "नेमके एकदाच" हे बाहेरच्या सेवेच्या मदतीशिवाय जमत नाही. सेवा संदर्भ क्रमांक स्वीकारून दुबार विनंती ओळखत असेल, तर आपली एकमेव किल्ली तिला द्या. ओळखत नसेल, तर प्रकारानुसार ठरवा. आठवण दोनदा गेली तर व्यापारी कुरकुरेल, एवढेच. पैसे वळते करण्याचे काम मात्र ताबा सुटल्यावर आपोआप पुन्हा चालवू नका, ते माणसाच्या यादीत टाका.

काम करण्याआधी पुन्हा पाहा

व्यापाऱ्याने २८व्या दिवशी पैसे भरले. आठवण रद्द करणारा कोड लिहिता येतो, पण पैसे येण्याच्या वाटा अनेक: रोख, चेक, बँक, मागच्या मालातली वजावट. प्रत्येक वाटेवर रद्द करण्याची ओळ लिहिणे कुठेतरी राहतेच. त्यापेक्षा टायमर वाजल्यावर बिलाची बाकी ताजी तपासा. शून्य असेल तर काम "गरज नाही" म्हणून मिटवा. रद्द करण्याचा कोड असला तरी ही तपासणी काढू नका.

उशिराचा नियमही कामाच्या प्रकारागणिक वेगळा. सर्व्हर ३ तास बंद होता असे समजा. उधारीची आठवण ३ तास उशिरा गेली तर चालते, पण सर्व्हर रात्री २ ला उठला म्हणून रात्री २ ला पाठवू नका. सकाळी १० ते संध्याकाळी ७ अशी खिडकी ठेवा आणि खिडकीबाहेर असेल तर देय वेळ उद्यावर ढकला. याउलट "डाइंगच्या (रंगाईच्या) बॅचला ४० मिनिटे झाली, पाहा" हा इशारा ३ तासांनी दिला तर निरुपयोगीच, शिवाय आत्ता मशीनवर असलेल्या दुसऱ्या बॅचबद्दल गैरसमज करणारा. अशा प्रकाराला बाद होण्याची वेळ द्या, आणि बाद झाले की लॉगमध्ये आणि पडद्यावर ठळक दाखवा.

सुट्ट्यांची यादी तक्त्यात ठेवा, कोडमध्ये नको. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वरांची यात्रा असते, शहर नंदीध्वजांच्या मिरवणुकीत आणि गड्ड्यावर (यात्रेच्या जत्रेत) असते. अक्षता सोहळ्याच्या दिवशी वसुलीचा संदेश पाठवणे व्यापाराला शोभत नाही. ही तपासणीही चालवतानाच करायची, नोंदवताना नव्हे. कारण सुट्टी नंतरही जाहीर होते.

घड्याळे दोन

भिंतीवरचे घड्याळ पुढे-मागे केले जाऊ शकते. मोनोटॉनिक घड्याळ फक्त पुढे जाते, पण त्याचा आकडा रीस्टार्टनंतर निरर्थक असतो. नियम असा: कालावधी मोजायचा तर मोनोटॉनिक, तारीख-वेळ नोंदवायची तर भिंतीवरचे. एखाद्या कॉलला किती वेळ लागला हे डेट नाऊच्या वजाबाकीने काढू नका, परफॉर्मन्स नाऊने काढा. असिंकआयओमध्ये कॉल ॲटला लूपच्या स्वतःच्या टाइममधली वेळ लागते. तिथे टाइम मोड्यूलचा युगारंभापासूनचा (१ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांचा) आकडा दिला, तर तो क्षण अनेक वर्षे येतच नाही आणि तक्रारही कुठे दिसत नाही.

कारखान्यातल्या जुन्या पीसीवर आणखी एक धोका. मदरबोर्डवरची ३ व्होल्टची सीआर२०३२ बटण-बॅटरी संपलेली असेल, तर वीज गेली की मशीन कित्येक वर्षे मागच्या तारखेने उठू शकते. इंटरनेट येऊन घड्याळ जुळेपर्यंत नोंदवलेल्या वेळा खोट्या पडतात, आणि मग घड्याळ एकदम उडी मारते. उपाय तीन: बॅटरी बदला, सिस्टमडीत (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेत) टाइम-वेट-सिंक सेवा चालू करून आपली सेवा टाइम-सिंक टार्गेटनंतर सुरू होईल असे लावा, आणि प्रत्येक चक्रात आत्ताची वेळ डेटाबेसात लिहा. सुरू होताना घड्याळ त्या नोंदीच्या मागे दिसले, तर एकही काम न उचलता थांबा आणि इशारा द्या.

भारतात घड्याळ पुढे-मागे करायची प्रथा नाही, यूटीसीपेक्षा ५:३० तास पुढे, बारा महिने तेच. सकाळचे १० म्हणजे यूटीसीचे ४:३०. क्लाउडवरच्या सर्व्हरचा क्रॉन (ठरल्या वेळी कामे चालवणारी सोय) सहसा यूटीसीत असतो, तिथे १० लिहिले तर संदेश दुपारी साडेतीनला जातो. पण टॉवेल युरोपात जात असतील आणि तिकडच्या ग्राहकाला त्याच्या सकाळी ९ ला संदेश हवा असेल, तर फक्त यूटीसी साठवून भागणार नाही. तिकडे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलते. स्थानिक वेळ आणि टाइमझोनचे नाव दोन्ही साठवा, देय वेळ त्यांतून काढा.

परत परत येणारी कामे

ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा वाजणारा सेटइंटरव्हल दर फेरीला थोडा मागे पडतो आणि तो मागेपणा साचतो. दर मिनिटाच्या कामात समजा दर वेळी २ मिलिसेकंद सांडले, तर दिवसाच्या १,४४० फेऱ्यांत जवळपास २.९ सेकंद. शिवाय आतले असिंक काम संपले का, हे तो पाहत नाही. एक मिनिटाच्या फेरीचे काम ७० सेकंद चालले, की एकावर एक फेऱ्या चढतात. म्हणून एकदाच वाजणारा टायमर लावा, काम पूर्ण झाले की पुढचा. पुढची वेळ "आत्ता अधिक एक मिनिट" अशी काढू नका. पहिल्या वेळेत फेऱ्यांची संख्या गुणिले कालावधी मिळवून काढा. मधल्या फेऱ्या बुडाल्या असतील, तर बहुतेक कामांना एकदाच चालवून पुढची भविष्यातली वेळ धरणे योग्य.

पुन्हा प्रयत्न

चूक झाली की १ मिनिट, मग २, ४, ८, असे दुप्पट करत १ तासापर्यंत. ८ प्रयत्नांनंतर थांबून माणसाला दाखवा. हे अंतर जसेच्या तसे वापरू नका, शून्य ते त्या अंतरापर्यंतचा कोणताही यादृच्छिक आकडा घ्या. नाहीतर संदेश सेवा १० मिनिटे बंद पडून उठताच साऱ्या आठवणी एकाच क्षणी तिच्यावर आदळतात. सकाळी १० च्या गर्दीलाही असाच उपाय: बिल क्रमांकावरून काढलेल्या ठराविक आकड्याने कामे २० मिनिटांत पसरवा. नंबर चुकीचा असल्याची चूक आली, तर पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ नाही. ती पहिल्याच वेळी माणसाकडे पाठवा.

पडद्यावरची उलटी मोजणी

डाइंगच्या खोलीतल्या टीव्हीवर ब्राउझरमध्ये उरलेली मिनिटे दाखवायची असतील, तर दर सेकंदाला एक वजा करणारा कोड लिहू नका. टॅब मागे गेला की ब्राउझर टायमर सेकंदाला एकवर आणतो, आणि क्रोममध्ये २०२१ च्या ८८व्या आवृत्तीपासून ५ मिनिटे लपलेल्या टॅबचे साखळी टायमर मिनिटाला एकदाच वाजू शकतात. सर्व्हरकडून संपण्याची वेळ घ्या, टायमर वाजेल तेव्हा तिच्यातून आत्ताची वेळ वजा करा, आणि टॅब पुन्हा दिसू लागल्याची घटना ऐकून लगेच आकडा ताजा करा. टीव्हीचे घड्याळ चुकीचे असू शकते, म्हणून सर्व्हरची वेळही सोबत मागवून फरक जमेस धरा.

बंद करताना आणि तपासताना

सिगटर्म (प्रोसेसला बंद व्हायला सांगणारा सिग्नल) आला की टायमर रद्द करा, नवा ताबा घेऊ नका, हातातली कामे पुरी करा, मग बाहेर पडा. डॉकर मुळात १० सेकंदच थांबतो, सिस्टमडी ९०. कामाचा टाइमआउट ३० सेकंद असेल तर डॉकरची मुदत वाढवावी लागेल. फक्त आकडेवारी गोळा करणाऱ्या टायमरवर अनरेफ ("याच्यासाठी थांबू नको" अशी खूण) लावा, नाहीतर प्रोसेस त्याच्यासाठी जिवंत राहते.

दोन आकडे सतत नोंदवा: प्रत्येक काम देय वेळेपेक्षा किती उशिरा सुरू झाले, आणि सर्वांत जुने थकलेले काम किती जुने आहे. दुसरा आकडा ५ मिनिटांवर गेला की इशारा. इशारा देणारी व्यवस्था वेगळ्या प्रोसेसमध्ये हवी, कारण अडकलेला लूप स्वतःबद्दल सांगू शकत नाही. लूपचा उशीर मोजायला नोडच्या पर्फ हुक्समध्ये मॉनिटरइव्हेंटलूपडिले आहे. सरासरी पाहू नका, ९९वा पर्सेंटाइल पाहा, म्हणजे १०० पैकी ९९ मोजण्या ज्याच्या आत येतात तो आकडा. असिंकआयओच्या डीबग मोडमध्ये १०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त चाललेला कॉलबॅक लॉगमध्ये येतो.

चाचणीसाठी "आत्ताची वेळ" हे बाहेरून देता येणारे फंक्शन ठेवा, म्हणजे ३० दिवस एका क्षणात पुढे ढकलता येतात. मग खऱ्या मशीनवर हे करा: ६० दिवसांची मुदत देऊन काहीही लगेच जात नाही ना पाहा. संदेश जाण्याच्या आणि "झाले" लिहिण्याच्या मधे प्रोसेस किल वजा नऊने (सावरायला वेळ न देणाऱ्या आदेशाने) मारा, २ मिनिटांनी ओळ परत उचलली जाते का ते पाहा. लूप मुद्दाम ५ सेकंद अडवा. घड्याळ एक दिवस मागे नेऊन सेवा सुरू करा. ती थांबून इशारा देते का बघा. शेवटी दोन प्रोसेस एकत्र चालवून १,००० कामे टाका आणि पाठवलेल्या संदेशांत किल्ल्या मोजा: १,००० वेगळ्या, एकही दुबार नाही.